‘बोलेल हो, घाई काय आहे?’

मूल उशिरा बोलतंय, नीट बघत नाही, हाकेला ओ देत नाही... हे आधी कोणाच्या लक्षात येतं? टॉवरमध्ये राहणाऱ्या आई-बाबांच्या, की टॉवरच्या भिंतीपलीकडे दहा बाय दहाच्या खोलीत अंगणवाडी चालवणाऱ्या ताईंच्या? उत्तर ऐकून मी तरी उडालेच!

टँकर कधी येणार, लिफ्ट का बंद आहे, बी विंगच्या पार्किंगमध्ये लाल गाडी कोणाची... सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, दोन मिनिटांत उत्तर हजर. गाडीचं सर्व्हिसिंग ड्यू झालं की मेसेज येतो. इन्शुरन्सचा हप्ता चुकला की फोनवर फोन. पण घरातलं दोन वर्षांचं पिल्लू अजून ‘आई’ म्हणत नाही, याचा अॅलर्ट कोण पाठवतं? जरा आठवून बघा. कोणीच नाही!

डॉक्टर आहेत की, असं म्हणाल. आहेतच. पण आपण डॉक्टरांकडे जातो कधी? ताप आला की किंवा लस असली की. सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात दीड-दोन वर्षांच्या बूस्टरनंतर पुढचा बूस्टर थेट पाचव्या वर्षी आहे. मधल्या तीन वर्षांत मूल पळायला, बोलायला, भांडायला, मित्र करायला शिकतं. आणि नेमक्या त्याच काळात, मूल तब्येतीने ठणठणीत असेल, तर त्याच्याकडे जाणत्या नजरेने बघणारं घराबाहेरचं कोणीच नसतं.

याचा साक्षात्कार मला एका मैत्रिणीमुळे झाला. तिचं नाव इथे देत नाही, पण तुमच्या ऑफिसात अशी एक तरी असेलच. नवरा-बायको दोघंही आयटीत. बाणेरला टू बीएचके. प्रेग्नन्सीत पुस्तकं वाचून झालेली, बाळाचं खाणं ऑरगॅनिक, डे-केअरमध्ये सीसीटीव्ही आणि त्याचं लाइव्ह फीड थेट मोबाइलवर. म्हणजे एकदम टॉप क्लास अरेंजमेंट! फक्त एक गोष्ट घडत नव्हती. मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता.

‘बोलेल हो, घाई काय आहे?’ सासूबाई म्हणाल्या, ‘याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा झाल्यावर बोलला.’ तिची आई म्हणाली, ‘मुलगे उशिराच बोलतात गं.’ डे-केअरवाल्या म्हणाल्या, ‘खूप शांत मुलगा आहे, अजिबात त्रास देत नाही.’ एका डॉक्टरांनीही ‘अजून सहा महिने वाट बघू’ म्हणून टाकलं. सगळे मायेनेच बोलत होते. पण त्या मायेत पाच महिने गेले.

शेवटी तोंड उघडलं ते तिच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी. ‘ताई, राग मानू नका, पण पोराला आमच्या अंगणवाडीच्या बाईंना दाखवा की एकदा. आमच्या नातवाचं त्यांनीच वळखलं.’

पत्र्याच्या खोलीतला रडार

मावशींच्या नातवाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सव्वा वर्षाचा असताना अंगणवाडीच्या ताई वजन करायला त्याच्या घरी गेल्या होत्या. खोलीत बाजूला स्टीलचं ताट पडलं. शेजारची मुलं दचकली, हा मात्र आपला हातातल्या चमच्याशी खेळतोय. ताईंनी मागून टाळी वाजवली. तरीही काही नाही. त्यांनी वहीत नोंद केली, तपासणीच्या टीमला सांगितलं, पुढे सरकारी दवाखान्यात कानाची टेस्ट झाली. ऐकायला कमी येतंय हे कळलं, कानाला मशीन लागलं. आता पोरगं ‘आज्जे’ म्हणून अशी हाक मारतं की गल्लीला ऐकू जावं.

दोन मुलं. मध्ये फक्त एक कंपाउंड वॉल. वस्तीतल्या मुलाकडे सव्वा वर्षाचा असताना कोणाचं तरी लक्ष गेलं आणि टॉवरमधल्या मुलाकडे सव्वादोन वर्षांचा होईपर्यंत गेलं नाही. बारा महिन्यांचा फरक! पैसा, शिक्षण, ब्रॉडबँड सगळं ज्यांच्याकडे होतं, तेच मागे राहिले.

मग मी ठरवलं, ही अंगणवाडी बघायचीच.

गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. भाड्याची खोली, वर पत्रा, भिंतीवर फळं-भाज्यांचे तक्ते, कोपऱ्यात वजनकाटा. पंधरा-वीस मुलं गोल करून बसलेली आणि मध्ये ताई उड्या मारत बेडकाची गोष्ट सांगतायत. मदतनीस ताई खिचडीची भांडी मांडत होत्या. मी पत्रकार असल्याचं सांगितल्यावर ताई आधी थोड्या सावध झाल्या. मग म्हणाल्या, ‘मॅडम, लोकांना वाटतं इथं फक्त खिचडी मिळते. खिचडी तर आहेच. पण आम्ही पोरांना बघतो. रोज बघतो ना, म्हणून कळतं.’

रोज बघतो, म्हणून कळतं. या एका वाक्यात सगळा फंडा आहे, बॉस!

जरा माहिती काढली. एकात्मिक बाल विकास सेवा योजना, म्हणजे आपली आयसीडीएस, २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, त्यातल्या एक लाखाहून जास्त महाराष्ट्रात. सहा वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि बाळंतिणी यांच्यासाठी इथे सहा सेवा ठरलेल्या आहेत: पूरक आहार, शाळेआधीचं शिक्षण, आरोग्य व आहाराचं शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि गरज पडल्यास पुढे पाठवणं. नॉर्मल वजनाच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन, वर्षातले ३०० दिवस, हा आहाराचा नियम वर्षानुवर्षं होता. तीव्र कुपोषित मुलासाठी ८०० कॅलरी. दंडाचा घेर मोजायची एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा बारीक निघाला की पट्टी लाल दाखवते आणि ताईंची धावपळ सुरू होते.

आणि महत्त्वाचं म्हणजे, अंगणवाडीत नाव घालायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ‘ती त्यांच्यासाठी असते’ हे आपणच ठरवून टाकलंय. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००६ मध्ये अंगणवाड्या सर्वांपर्यंत पोहोचवण्याचा आदेश देताना ‘अंगणवाडी ऑन डिमांड’ हा हक्कही मान्य केला. वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि तिथे अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. पिझ्झा ऑन डिमांड माहीत होता, हे माहीत होतं का?

हा ब्रँड अस्सल मराठी आहे

‘अर्ली चाइल्डहुड’ म्हटलं की आपल्याला फिनलंड नाहीतर माँटेसरीची लाकडी खेळणी आठवतात. पण मुलांना शाळेत बोलावण्याऐवजी शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही आयडिया आपल्या पालघरच्या पट्ट्यातली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या बायकाच पाड्यावर गेल्या आणि अंगणातच वर्ग भरवले. अंगणात भरते ती अंगणवाडी, इतकं साधं! पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. वीकेंडला डहाणू-बोर्डीच्या बीचवर जाऊन सेल्फी काढताना कधी कोणी सांगितलं होतं का आपल्याला हे?

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना ट्रेनिंग दिलं. बाळ जन्मलं की घरी जायचं, वजन करायचं, ते उबदार ठेवायला शिकवायचं, जंतुसंसर्गाची चिन्हं ओळखायची. ज्या गावांत हे झालं तिथला नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध मेडिकल जर्नलने ते छापलं. २०११ पासून देशभरात आशाताई नव्या बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्याचं मूळ इथे आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर पहिल्या ४२ दिवसांत सहा भेटी. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच.

दोन्ही गोष्टींत एक धागा कॉमन आहे. मशीन नाही, मोठी बिल्डिंग नाही. शेजारचंच एक माणूस, थोडं ट्रेनिंग आणि ठरलेल्या दिवशी दारात हजर.

पण इतकी घाई कशाला?

कारण मेंदू थांबत नाही. पाच-सहा वर्षांपर्यंत मुलाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. पोटातले नऊ महिने आणि पहिली दोन वर्षं मिळून साधारण १००० दिवस होतात, त्यात सगळ्यात जास्त बांधकाम चालतं. या काळात ऐकू आलं नाही, कोणी बोललं नाही, पोटात धड गेलं नाही, तर बांधकाम कच्चं राहतं. नंतर दुरुस्ती होतच नाही असं नाही. पण जास्त वेळ, जास्त पैसा, जास्त त्रास. फ्लॅटचं प्लंबिंग टाइल्स बसवण्याआधी दुरुस्त करायचं की नंतर? तसंच आहे हे.

पुरावा हवाय? जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये गरीब घरातली, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली गेली. वय नऊ महिने ते दोन वर्षं. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जायच्या. काय करायच्या? आईला मुलाशी खेळायला शिकवायच्या! घरात बनवलेली खेळणी, चित्रं, गप्पा. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी या मुलांना शोधून काढलं, तेव्हा ज्यांच्याकडे सेविका गेल्या होत्या त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त निघाली. २०१४ मध्ये हा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. आठवड्याचा एक तास! आपण तितका वेळ तर कोणती वेबसिरीज बघायची हे ठरवण्यातच घालवतो.

वहीतून दवाखान्यापर्यंत

ताईंनी ओळखलं, पुढे काय? त्यासाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट असलेली फिरती टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, सरकारी शाळेत एकदा. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर, असं चारही बाजूंनी मुलाला तपासायचं. काही सापडलं तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं. सरकारी नाव भारदस्त आहे, पण काम साधं: ऐकणं, बघणं, बोलणं, हालचाल, वागणं हे सगळं एका छताखाली तपासायचं आणि थेरपी सुरू करायची.

कागदावर झकास! प्रत्यक्षात काय, हे मी मावशींनाच विचारलं. ‘दवाखाना चांगला हाय,’ त्या म्हणाल्या, ‘पण लाइन मोठी. आधी कानाची तारीख, मग मशीनची तारीख, मग बोलायला शिकवायची तारीख. सूनबाई एकटी कशी जाणार, मला जावं लागायचं. एका महिन्यात चार खाडे झाले. एका घरी चारी खाड्यांचे पैसे कापले.’

हे ऐकून मी गप्प झाले. सेवा फुकट होती. पण तिथपर्यंत पोहोचणं फुकट नव्हतं. आणि पैसे कापणारं ते घर कोणाचं असणार? तुमच्या-माझ्यासारख्यांचंच.

ताईंचंही तसंच. मुलांना शिकवायचं, जेवण बघायचं, घरोघरी जायचं, शिवाय २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ अॅपवर सगळी माहिती भरायची. त्यांना मिळतं ते मानधन, पगार नव्हे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या आणि तो संप पुढच्या जानेवारीपर्यंत लांबला. तेव्हा आपल्यातल्या किती जणांना तो कळला? आपली मुलं तिथे जात नाहीत, त्यामुळे आपल्याला शष्प फरक पडला नाही. मावशींच्या वस्तीत मात्र वजनकाटा बंद होता.

भिंतीच्या अलीकडे

आता आपल्या बाजूला या. मैत्रिणीने मुलाला त्या ताईंकडे नेलं का? नेलं! थोडी लाजत, थोडी घाबरत, पण गेली. ताईंनी मुलाला दहा मिनिटं खेळवलं, हाका मारल्या, चेंडू टाकला. मग म्हणाल्या, ‘मी काही डॉक्टर नाही. पण हा बोट दाखवून मागत नाही, हाकेला वळत नाही. कान तपासा आधी, मग विकासाच्या डॉक्टरांकडे जा. वाट बघू नका.’

कानाची टेस्ट नॉर्मल आली. मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, मग स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी. एका सेशनचे हजाराच्या आसपास, तेही आठवड्यातून तीनदा. पहिल्याच दिवशी थेरपिस्टने विचारलं, ‘टीव्ही-मोबाइल किती वेळ?’ मैत्रीण म्हणाली, जेवताना, झोपताना आणि आमचे कॉल्स चालू असताना. बेरीज केली तर चार तास! भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची गाइडलाइन सांगते की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाचमध्ये जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या सोबतीने. इथे एक स्पष्ट करते. सगळा दोष मोबाइलचा, असं थेरपिस्टही म्हणाली नाही. काही मुलांना मुळातच जास्त मदत लागते. पण मदत लागतेय हे कळायला कोणीतरी समोर बसून बघायला हवं ना!

आणि आपल्याकडे तेच माणूस नाही. पूर्वी वाड्यात दहा डोळे होते. चाळीत तर खाजगी काहीच नसायचं. आता आजी-आजोबा सहा महिने गावी, सहा महिने व्हिडिओ कॉलवर. शेजाऱ्यांचं मूल उशिरा बोलतंय हे लक्षात आलं, तरी आपण बोलत नाही, कारण ‘बॅड मॅनर्स’! डे-केअरचा कॅमेरा मूल पडलं का, रडलं का एवढंच दाखवतो. त्याने आज कोणाकडे बोट दाखवलं का, हे कॅमेऱ्याला कळत नाही.

खरं टेन्शन पुढे होतं. आठवड्यातून तीन दुपारी थेरपीला नेणार कोण? नवऱ्याचं प्रोजेक्ट क्रिटिकल होतं (त्यांचं नेहमीच असतं!). शेवटी राजीनाम्याचं ड्राफ्ट मैत्रिणीनेच टाइप केलं. ते पाठवण्याआधी तिने मॅनेजरशी एकदा बोलून बघितलं आणि तीन दिवस घरून काम करायची परवानगी निघाली. नशीब! सगळ्यांना असा मॅनेजर मिळतोच असं नाही. मुलाला मदत मिळायची तर आधी घराला मदत मिळायला हवी, हे तेव्हा कळतं.

आता मूल तीन वर्षांचं आहे. ‘पाणी दे’, ‘बाबा ये’, ‘नको जाऊ’ अशी दोन शब्दांची वाक्यं बोलतं. थेरपी चालू आहे, अजून बरंच बाकी आहे. मैत्रिणीला फक्त एका गोष्टीची हळहळ आहे: ते पाच महिने.

आपण काय करू शकतो?

भाषण नको, कामाचं बोलू.

एक, ऑफिस. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये बदल झाला, तेव्हा बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच बदलात आणखी एक गोष्ट होती. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवलेली आहे. तुमच्या कंपनीत टेबल टेनिसचं टेबल आहे. पाळणाघर कुठे आहे? पुढच्या टाउनहॉलमध्ये हा प्रश्न विचारा. आणि प्लीज, हा प्रश्न मुलग्यांनी विचारा.

दोन, तुमचा नवा फ्लॅट. बुकिंग करताना क्लबहाउस बघता, स्विमिंग पूल बघता. साइटवर काम करणाऱ्या बायकांची मुलं कुठे आहेत, तेही विचारा. दिल्लीत १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांना धुळीत खेळणारी मजुरांची मुलं दिसली आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ उभी राहिली. साइट जिथे, पाळणाघर तिथे! हे काम पुढे मुंबई-पुण्यातही आलं. पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ बिल्डरांच्या साइटवर पाळणाघरं चालवते. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्यातच पन्नासहून जास्त महिला असलेल्या साइटवर पाळणाघर सक्तीचं केलं गेलं होतं. तुम्ही ग्राहक आहात. सेल्सवाल्याला तुमचं ऐकावंच लागतं.

तीन, तुमचं घर. कामाच्या मावशी नातवाला दवाखान्यात नेणार असतील तर तो खाडा धरू नका. एका दिवसाचे पैसे म्हणजे आपली एक कॉफी आणि मफिन. त्यांच्यासाठी ती एक तारीख असते, आणि ती चुकली की पुढची महिन्याने.

चार, जवळची अंगणवाडी. एकदा जाऊन या. जुनी खेळणी आणि वाढदिवसाचा केक घेऊन नव्हे, आधी नुसतं भेटायला. ताईंना काय लागतंय ते त्या सांगतील. मी गेले त्या ताईंना काय हवं होतं माहितीये? सीलिंग फॅन. मी विचारेपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

आणि शेवटचं. मित्राच्या, बहिणीच्या, शेजाऱ्यांच्या मुलाबद्दल मनात शंका आली तर ‘बोलेल हो’ म्हणून विषय बदलू नका. ‘एकदा दाखवून घेऊ या का? मी येते सोबत’ असं म्हणा. निघालं काही नाही, तर उत्तमच. एक चक्कर वाया जाईल, इतकंच.

चौकट: या खुणा लक्षात ठेवा

प्रत्येक मूल आपल्या वेगाने वाढतं, हे खरंच. पण खालच्यापैकी काही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

• दोन-तीन महिन्यांचं बाळ तुमच्याकडे बघून हसत नाही.
• चार महिने झाले तरी मान धरत नाही.
• नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही.
• वर्षाचं झालं तरी ‘बाबाबा, दादादा’ अशी बडबड नाही, टाटा करणं किंवा बोट दाखवणं नाही.
• सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही.
• दीड वर्षापर्यंत चालत नाही.
• दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नाही.
• कुठल्याही वयात, येत असलेली गोष्ट अचानक यायची बंद झाली.

कुठे जायचं? बोलण्याची शंका असेल तर पहिली टेस्ट कानाची. त्यानंतर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन किंवा जिल्हा रुग्णालय. पुण्याचं जिल्हा रुग्णालय औंधला आहे. मुंबईत ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी सुरू केलेलं ‘उमीद’ हे बालविकास केंद्रही मुंबईतच आहे. आणि गरोदरपणात नाव नोंदवल्यावर मिळालेलं माता व बाल संरक्षण कार्ड कपाटात पडलं असेल, तर ते बाहेर काढा. कोणत्या महिन्यात मुलाने काय करायला हवं, ते त्यात चित्रांसकट छापलेलं आहे!